पन्नाशीचा नवशिका : किक बॉक्सिंग, अर्धशक्ती आणि आपले औषधालय

व्यायामाचे महत्त्व एका वैद्याने दुसऱ्या वैद्यास सांगावे, असे त्यात काही उरलेले नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाचे लक्षण, त्याचे गुण, अतिव्यायामाचे दोष आणि तो कोणी वर्ज्य करावा हे सांगून ठेवले आहे. वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत, तर सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात तोच विषय आपापल्या परीने मांडला आहे. विद्यार्थिदशेतच हे सर्व आपले मुखोद्गत झालेले असते. त्यामुळे रुग्णाच्या कागदावर औषधांच्या खाली ‘व्यायाम’ हा शब्द लिहिताना आपला हात कधी अडखळत नाही. प्रस्तुत लेखकाचाही चोवीस वर्षे अडखळला नव्हता. शिरूर येथील चिकित्सालयात दोन्ही वेळा आणि आठवड्यातून एक दिवस दौंडला, असा व्यवसायाचा क्रम. प्रमेहाच्या निदानात आस्यासुखाला जे अग्रस्थान दिलेले आहे ते रुग्णांना समजावून सांगत मी स्वतः दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसून होतो. सन २०२२ च्या दिवाळीनंतर सहज म्हणून स्वतःचे रक्त तपासले, तेव्हा उपाशीपोटीची साखर ११८ निघाली आणि कमरेचा घेर १०१ सेंटिमीटर भरला. वय ४९ होते.

त्याच सुमारास आमची कन्या किक बॉक्सिंगच्या वर्गाला जाऊ लागली होती. पुणे-अहिल्यानगर रस्त्यापासून थोडे आत, पूर्वी धान्याची वखार असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये हा वर्ग भरतो. तिला सोडावे, तासभर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचावे आणि तिला घेऊन परत यावे, हा माझा नित्यक्रम. तेथील प्रशिक्षक तिशीतले. त्यांच्या मातोश्री माझ्याकडे संधिवातासाठी अनेक वर्षे येत आहेत. एके दिवशी ते जवळ येऊन म्हणाले, “डॉक्टर, आईला तुम्ही रोज चालायला सांगता. आणि तुम्ही इथे बसून राहता!” त्यांनी हे हसत सांगितले. मला मात्र हसू आले नाही. पुढच्या सोमवारी मी त्याच वर्गात, माझ्या मुलीच्या मागच्या रांगेत, अनवाणी उभा होतो. ज्यांना मी लहानपणी गोवरात पाहिले, त्यांना त्या दिवसापासून ‘सर’ म्हणू लागलो.

वैद्यमित्रहो, हा लेख माझ्या शौर्याची कथा सांगण्यासाठी लिहिलेला नाही. शौर्य त्यात नाहीच. पण या निमित्ताने जे पाहिले, आणि ज्या एका प्रसंगी माझ्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली, ते आपल्या व्यवसायबंधूंपुढे आणि विशेषतः औषधालयचालकांपुढे ठेवणे आवश्यक वाटते.

खेळाविषयी थोडेसे

किक बॉक्सिंग हे नाव जपानमधले. ओसामु नोगुची या आयोजकाने थायलंडमधील मुए थाई आणि जपानी कराटे यांची सांगड घालून १९६६ मध्ये ओसाका येथे या नावाचे सामने भरविले. अमेरिकेत १९७० च्या दशकात पूर्ण आघाताच्या कराटेतून त्याचा निराळा प्रवाह निघाला आणि १९७६ मध्ये ‘वाको’ ही जागतिक संघटना स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला २०१८ मध्ये तात्पुरती आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. ऑलिंपिकच्या कार्यक्रमात मात्र हा खेळ अद्याप नाही. त्याचे प्रकार दोन गटांत मोडतात. गाद्यांवर खेळले जाणारे प्रकार, ज्यांत आघातावर नियंत्रण ठेवावे लागते. आणि रिंगणात खेळले जाणारे प्रकार, ज्यांत पूर्ण ताकदीने प्रहार करता येतो. हौशी सामन्यात साधारणपणे दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एक मिनिट विश्रांती असते. दोन मिनिटे ही केवढी दीर्घ असतात, हे बाहेर खुर्चीवर बसलेल्याला कळत नाही.

आपल्या भागात हा खेळ तालमीच्या वाटेने आला नाही. तो कराटे-तायक्वांदोच्या वर्गांतून आला. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. घोड आणि भीमेच्या काठाने ऊस, बाकी माळ. एकीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे कुरकुंभची. गावोगावच्या जत्रांतील कुस्त्यांची परंपरा जुनी आहे आणि अजून टिकून आहे. दौंड म्हटले की राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ व ७ आणि जवळचे नानवीजचे प्रशिक्षण केंद्र डोळ्यांपुढे येते. त्यामुळे भरतीची तयारी हा इथल्या तरुणांचा जणू दुसरा अभ्यासक्रमच आहे. पोलीस शिपाई भरतीची १६०० मीटरची धाव, राखीव दलासाठी ५ किलोमीटरची धाव, गोळाफेक, हे सर्व पहाटेच्या अंधारात न्हावरे-चौफुला रस्त्यावर चाललेले दिसते. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण असल्याने एखाद्या खेळाचे प्रमाणपत्र मिळवावे ही आशाही त्यात मिसळलेली असते. कोणत्या खेळाचे कोणत्या स्तरावरचे प्रमाणपत्र चालते हे शासन निर्णय पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, हे मुलांना माहीत नसते. त्यांच्या पालकांना तर नसतेच. आमच्या वर्गात निम्म्या मुली आहेत. त्यांतील बहुतेक जणी प्रमाणपत्रासाठी येत नाहीत. कॉलेजच्या एस.टी.त निर्धास्तपणे उभे राहता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

अर्धशक्तीचा अर्थ

पहिल्या दिवशी दोरीवरच्या उड्या तीन मिनिटे मारायच्या होत्या. मी पन्नास सेकंदांत थांबलो. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि काखेत घाम आला होता, तोंड कोरडे पडले होते आणि श्वास तोंडावाटे चालला होता. प्रशिक्षकांनी लांबूनच हात वर केला. “बास डॉक्टर, बसा. नवा माणूस तोंडाने श्वास घ्यायला लागला की मी थांबवतो.” त्यांनी सुश्रुत वाचलेला नाही. परंतु सुश्रुताचार्यांनी बलार्धाचे म्हणून जे लक्षण सांगितले आहे, म्हणजे हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, नेमके तेच त्यांनी त्यांच्या अनुभवातून हेरले होते. त्या क्षणी मला आपल्या शास्त्राचा जो अभिमान वाटला, त्यात थोडी लाजही होती. हे लक्षण मी परीक्षेत लिहिले होते. स्वतःच्या छातीत प्रथमच ओळखले.

व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, तोही शीतकाळी आणि वसंतात, आणि तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांनी. इतरांनी व इतर ऋतूंत त्याहून मंद, असा ग्रंथकारांचा स्पष्ट निर्देश आहे. आजच्या क्रीडाप्रशिक्षणाची रीत याच्या उलट दिसते. शक्ती संपेपर्यंत प्रहार करावेत, थोडे थांबावे, पुन्हा करावेत. या दोहोंची सांगड घालण्याचा खटाटोप मी काही दिवस केला आणि सोडून दिला. माझे मत असे झाले आहे की, ग्रंथकारांना दिनचर्येतील व्यायाम अभिप्रेत आहे, स्पर्धा नव्हे. स्पर्धक हा जाणूनबुजून मर्यादा ओलांडणारा मनुष्य असतो. त्याला अर्धशक्तीचा उपदेश करून उपयोग नाही. त्याच्या श्रमाची, क्षयाची आणि आघाताची चिकित्सा करणे हे आपले काम. मात्र जो आरोग्यासाठी येतो, आणि वर्गातील चाळिशीपुढचे आम्ही सातही जण त्यासाठीच येतो, त्याने अर्धशक्तीची रेषा ओलांडण्याचे काहीच कारण नाही. ती प्रशिक्षकाच्या मोजणीवरून ठरत नाही, आपल्या श्वासावरून ठरते.

त्याच सातव्या अध्यायात चरकाचार्यांनी सवयी पालटण्याचा पादांशिक क्रम सांगितला आहे, इकडे आपले फारसे लक्ष जात नाही. अहितकर सवय चतुर्थांशाने सोडावी, हितकर चतुर्थांशाने धरावी आणि मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर वाढवीत न्यावे. मी तो क्रम अक्षरशः पाळला नाही, पण त्याचा आशय घेतला. पहिले दोन आठवडे एक तासाच्या वर्गातील पहिली पंधरा मिनिटेच करून बाजूला बसलो. पुढे अर्धा तास. पूर्ण तास उभे राहायला मला चौथा महिना उजाडला. माझ्याबरोबर प्रवेश घेतलेले दोन गृहस्थ पहिल्याच आठवड्यात पूर्ण तास करून गेले आणि तिसऱ्या आठवड्यात दिसेनासे झाले. चाळिशीपुढच्या रुग्णाला असा खेळ सुचविण्यापूर्वी रक्तदाब आणि हृदयाची विद्युत-आलेख तपासणी करून घ्यावी, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. ग्रंथांनी वातपित्तप्रकोपी, बाल, वृद्ध आणि अजीर्णी यांना व्यायाम निषिद्ध मानला आहे. त्यातील अजीर्ण हे कारण आजही सर्वाधिक दुर्लक्षित. दुपारी साडेतीनला जेवून सहाला वर्गात येणारा दुकानदार पोटावर पहिला फटका बसताच सुश्रुताची थोरवी मान्य करतो.

अभ्यंगाचा एक किस्सा सांगतो. पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात तिळाच्या तेलाचा अभ्यंग करून मी थेट वर्गाला गेलो. तालमीच्या लाल मातीत तेल, हळद, ताक मुरवलेले असते. तिथे तेलकट अंग खपून जाते. इथे रबराच्या गाद्या असतात. माझ्या पावलांचे तेल गादीवर उतरले, मागून आलेला मुलगा घसरला आणि संपूर्ण वर्गापुढे मला फडके घेऊन गाद्या पुसाव्या लागल्या. तेव्हापासून अभ्यंग सकाळी, स्नानापूर्वी. ग्रीष्मात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याची शेड भट्टीसारखी तापते. त्या दोन महिन्यांत वर्ग पहाटे साडेपाचला भरतो आणि निम्माच होतो. ऋतुचर्येचा तेवढा मान शेडच्या मालकानेही राखला आहे.

मर्मविचार

सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मे सांगितली आणि त्यांतील ४४ शाखांत आहेत, हे आपण जाणतो. वर्गात उभे राहिल्यावर त्या संख्येला देह प्राप्त होतो. मांडीवर, गुडघ्याच्या थोडे वर, बाहेरच्या बाजूने बसणारी खालची लाथ हा या खेळातील एक प्रभावी प्रहार आहे. ती बसल्यावर मांडी सुजते आणि पाय ताठरतो. जानूच्या तीन अंगुळे वर असलेल्या ‘आणी’ मर्माच्या विद्धलक्षणांत शोथाची वृद्धी आणि सक्थीची स्तब्धता हीच दोन लक्षणे दिलेली आहेत. शंख हे तर सद्यःप्राणहर मर्म. कानशिलाच्या त्या भागावर फटका बसू नये म्हणून शिरस्त्राण वापरतात, परंतु शिरस्त्राणाने कातडी वाचते, आत मेंदूला बसणारा हिसका पूर्ण थांबत नाही. डोक्याला मार लागून क्षणभरही भान हरपले, मळमळले, गोंधळल्यासारखे झाले, तर त्या दिवशी खेळ बंद आणि रुग्णालयात रवानगी, हा नियम वैद्याने स्वतःच्या अधिकारात घालून द्यावा. नस्य, शिरोधारा वगैरे नंतरच्या गोष्टी.

माझ्या स्वतःच्या वाट्याला जानू मर्म आले. गोल फिरवून लाथ मारताना जमिनीवरच्या पायाची टाच फिरली पाहिजे. पाय रोवून ठेवून वरचे शरीर फिरविले तर सगळा पीळ गुडघ्यात येतो. तिसऱ्या महिन्यात मी नेमके तेच केले. अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतले. बंध तुटलेला नव्हता. तीन आठवडे विश्रांती, सुरुवातीला आंबेहळद-रक्तबोळाचा लेप, नंतर लाक्षादि गुग्गुळ आणि मृदू स्नेहन एवढ्यावर निभावले. जानूच्या आघाताने खंजत्व येते असे सुश्रुतात आहे. मी तीन आठवडे लंगडत चिकित्सालयात गेलो, तेव्हा रुग्णांनीच मला व्यायामाविषयी उपदेश केला.

ताज्या मुक्या मारावर जोराचे मर्दन करण्याची जी रीत आपल्या भागात रूढ आहे, ती थांबविण्यासाठी मात्र आपण सर्वांनी बोलले पाहिजे. मांडीच्या स्नायूत रक्त साकळलेले असताना मालीशवाल्याने अंगठे रोवले, तर रक्तस्राव वाढतो आणि काही रुग्णांत त्या जागी स्नायूत हाडासारखे काठिण्य निर्माण होते. पहिले दोन-तीन दिवस शीतोपचार, आधारबंध आणि विश्रांती, तेल त्यानंतर. असे दोन तरुण माझ्याकडे आले होते. एकाच्या मांडीतली गाठ विरायला पाच महिने लागले.

कुचल्याचा प्रसंग

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो प्रसंग.

न्हावऱ्याच्या बाजूचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा आमच्या वर्गात येत असे. वडील ऊसतोडणीच्या टोळीचे मुकादम. मुलगा आधी कबड्डी खेळायचा, नंतर इकडे वळला आणि झपाट्याने तयार झाला. वरच्या स्तरावरील एका निवड स्पर्धेसाठी त्याची वर्णी लागली होती. स्पर्धेला तीन आठवडे असताना तो माझ्याकडे आला. भूक मंद, जेवल्यावर पोट जड, अंगात उत्साह नाही. जिव्हा साम होती. लंघन सांगण्याची सोय नव्हती, कारण वजनगट सांभाळायचा होता. मी पथ्य सांगितले आणि अग्नितुंडी वटी दिली. औषध योग्य होते. आजही त्या लक्षणांत मी तीच देईन. आठ दिवसांत त्याला भूक लागू लागली. गोळ्या संपल्यावर त्याने दौंडच्या एका औषधालयातून त्याच नावाने आणखी घेतल्या. कोणी काही विचारले नाही. मीही त्याला कधी थांबायचे ते सांगितले नव्हते.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी वर्ग संपल्यावर, प्रशिक्षक मुलांना एक छापील कागद वाचून दाखवीत होते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची निषिद्ध द्रव्यांची यादी होती ती. मुले कंटाळली होती. मी बुटांच्या नाड्या बांधत ऐकत होतो. उत्तेजक द्रव्यांच्या वर्गातील नावे वाचता वाचता त्यांनी एक नाव अडखळत उच्चारले : स्ट्रिक्नीन.

अग्नितुंडी वटीत विषमुष्टी अन्य सर्व द्रव्यांच्या बरोबरीने असते, हे आपणांस सांगायला नको. विषमुष्टी म्हणजे कुचला, आणि कुचल्याचे प्रधान कार्यकारी द्रव्य स्ट्रिक्नीन. गोदुग्धातील स्वेदनाने वा घृतात भर्जन करून केलेल्या शोधनाने त्याचे प्रमाण घटते. ते नाहीसे होत नाही. तसे झाले असते तर औषध म्हणून कुचल्यात काय उरले असते? मी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारले, “शेवटची गोळी कधी घेतलीस?” तो म्हणाला, “आज सकाळी घेतली की. दोन रोज घेतो, तुम्हीच सांगितलेल्या.”

या संस्थेच्या नियमांत स्ट्रिक्नीन हे केवळ स्पर्धाकाळात निषिद्ध आहे आणि स्पर्धाकाळ आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. म्हणजे पुरेसे दिवस आधी थांबविले असते तर प्रश्नच नव्हता. परंतु दोन दिवस पुरेसे आहेत असे छातीठोकपणे सांगणारा आधार माझ्याकडे नव्हता. त्याची चाचणी होईलच असेही नव्हते. कदाचित झाली नसती. मात्र खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी त्या खेळाडूचीच, मग ते कोणी दिले, का दिले, हेतू काय होता याला दोष ठरविण्यात स्थान नाही, असे हे नियम आहेत. ‘आमच्या डॉक्टरांनी दिले’ हे सांगून शिक्षा कमी होऊ शकेल, दोष जाणार नाही. भारतात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था २००५ मध्ये स्थापन झाली आणि २०२२ मध्ये संसदेने त्यासंबंधी स्वतंत्र कायदाही केला. मी त्याचे काहीच वाचलेले नव्हते.

त्या रात्री मी आणि प्रशिक्षक त्याच्या घरी गेलो. वडिलांना सर्व खरे सांगितले. निर्णय त्यांच्यावर सोपविला, पण माझे मत विचारल्यावर, जोखीम घेऊ नये, असे सांगितले. मुलगा काही बोलला नाही. त्याची आई आतून म्हणाली, “औषध तर देवाचं असतं म्हणतात, डॉक्टर.” त्यावर मला उत्तर सुचले नाही. तो स्पर्धेला गेला नाही. पुढची संधी एका वर्षाने होती. त्यानंतर तीन महिने तो वर्गात फिरकला नाही, आणि रस्त्यात दिसला तरी मान वळवून जात असे. मी त्याला दोष देत नाही.

फळीवरची औषधे

या प्रसंगानंतर मी माझ्या औषधालयाची फळी उतरवून पाहिली. कुचल्याचे योग आपल्याकडे थोडे नाहीत. विषतिंदुक वटी तर नावानेच सांगते. जातिफलादि चूर्णात भांग आहे, आणि गांजा-भांगेतील मादक द्रव्ये स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. अतिसारात दिल्या जाणाऱ्या कर्पूर रसात अहिफेन आहे. अहिफेनातील मॉर्फिन हेही त्याच यादीत. श्वासाच्या काही योगांत सोमकल्प वापरतात. त्यातील एफेड्रिन मूत्रात दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की दोषी. गुळवेलीची गोष्ट आणखी निराळी. आपली गुळवेल निर्दोष आहे, पण तिच्यासारखीच दिसणारी, टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल बाजारात तिच्या जागी येऊ शकते. तिच्यात हायजेनामाइन हे द्रव्य असते, आणि ते स्पर्धेत व स्पर्धेबाहेर, सर्वकाळ निषिद्ध आहे. आयुष मंत्रालयाने या दोन वेलींत गल्लत करू नये अशी सूचना दिलेलीच आहे. ओली गुळवेल आपण ओळखतो. पुड्यातील भरड कोण ओळखणार? आसवारिष्टांची मला धास्ती होती, पण मद्यार्क २०१८ पासून त्या यादीत नाही. अश्वगंधा, शतावरी, च्यवनप्राश यांच्या मूळ घटकांत निषिद्ध असे काही नाही. भीती आहे ती त्यांच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या, घटक न छापलेल्या वजनवाढीच्या पुड्यांची. त्यांत स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणे आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिलेली आहेत.

औषधालयचालकांना एक स्मरण करून द्यावेसे वाटते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई (१) मध्ये विषमुष्टी, वत्सनाभ, अहिफेन, भांग, जयपाल, भल्लातक इत्यादींचा समावेश आहे आणि त्यांनी युक्त अशा पोटात घ्यावयाच्या औषधांवर, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना छापलेली असते. ग्राहकाला ती वाचून दाखविली जात नाही, एवढेच. आमच्या मुलाला ती दुसरी बाटली मिळाली ती अशीच. त्यात औषधालयाचा दोष माझ्यापेक्षा कमीच आहे, कारण पहिली बाटली माझी होती.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. स्पर्धेपूर्वी वजन उतरविण्यासाठी ही मुले पाणी तोडतात, उन्हात जाड कपडे घालून धावतात आणि ‘पोट साफ करायचे काहीतरी कडक’ म्हणून औषधालयात येतात. जयपालयुक्त इच्छाभेदी रस त्यांना नावाने ठाऊक झालेला आहे. दीड-दोन किलो वजन एका दिवसात उतरते हे खरे. पण ते पाणी असते. त्याच अवस्थेत दुसऱ्या दिवशी त्याला कोणी पोटात लाथ मारणार असते. शोधन हे चिकित्सेचे कर्म आहे, तराजूचे नव्हे. वर्गातल्या एका मुलाने ते मागितले तेव्हा मी त्याला वरचा वजनगट घ्यायला सांगितले. तो पहिल्याच फेरीत हरला आणि चिडला, पण स्वतःच्या पायांनी घरी आला.

दद्रूविषयी लिहायचे राहिले. अनवाणी पाय, घामट गाद्या आणि एकमेकांचे हातमोजे यांमुळे वर्गात दद्रूची साथ वर्षातून दोनदा येते. मुले दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावतात. खाज दोन दिवसांत थांबते आणि महिन्याने दुप्पट पसरते. मोजे उन्हात वाळविणे, गाद्या रोज पुसणे, चट्टा असलेल्याला वर्गाबाहेर ठेवणे, एवढे केले तर करंज तेलाला आणि आपल्या अन्य औषधांना काम करायला वाव मिळतो.

माझी स्वतःची साखर गेल्या तपासणीत १०२ होती, घेर ९२. त्याचे सर्व श्रेय किक बॉक्सिंगला देणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण याच काळात संध्याकाळचा फरसाणही सुटला आहे. स्पर्धेत मी कधी उतरणार नाही. कन्येशी सराव करताना ती माझ्या डोक्याला हात लावत नाही, बरगडीला मात्र लावते.

तो न्हावऱ्याचा मुलगा पुढच्या पावसाळ्यात वर्गाला परत आला. त्या हिवाळ्यात त्याने ती निवड स्पर्धा दिली; उपान्त्य फेरीत हरला. आता तो भरतीच्या तयारीत आहे आणि ताप आला तरी माझ्याकडेच येतो. औषध हातात घेतले की प्रथम बाटली फिरवून घटक वाचतो. जे नाव कळत नाही त्यावर बोट ठेवून विचारतो. ती निषिद्ध यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. या वर्षीची मी पहिल्याच आठवड्यात छापून घेतली. एक प्रत माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, एक वर्गाच्या भिंतीवर, आणि एक दौंडच्या त्या औषधालयात गल्ल्यामागे लावलेली आहे.